दाढ ठणकते तेव्हा गावात काय मिळतं?

प्रश्न असा आहे : "बीडीएस झाल्यावर गडचिरोलीतल्या एका ग्रामीण रुग्णालयात रुजू होऊन मला आठ महिने झाले. माडिया आणि गोंड टोल्यांवर शिबिरं घेते, ब्रश आणि पेस्ट वाटते, तंबाखूवर बोलते. महिन्यानं पुन्हा गेलं की सगळं जिथल्या तिथं. दात काढायला कुणी तयार होत नाही, आधी पुजाऱ्याकडे जातात. या समजुती मोडायच्या तरी कशा?"

डॉक्टर, मी याच पट्ट्यात, धानोऱ्यापासून भामरागडपर्यंत, एकवीस वर्षं दातांचं काम करतो आहे. "समजुती मोडायच्या कशा" या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझी पहिली चार वर्षं त्यातच गेली. तक्ते टांगले, प्लास्टिकचा मोठा जबडा हातात घेऊन भाषणं केली, ब्रश वाटले. पुढच्या फेरीत एका घरात पाच जणांत मिळून एकच ब्रश दिसला. दुसऱ्या घरात तो सायकलची चेन साफ करायला ठेवला होता. राग आला होता तेव्हा. पण त्या घरातल्या बाईनं मला सरळ विचारलं, "माही दाढ ठनकते, तिचं काय करता?" माझ्याकडे त्या दिवशी चिमटा नव्हता, भूल नव्हती, फक्त ब्रश होते.

तेव्हापासून मी कोणत्याही गावात गेलो की एकच गोष्ट आधी शोधतो : इथं रात्री दोन वाजता कुणाची दाढ ठणकली तर त्या माणसाच्या हाताशी काय असतं? एटापल्ली, भामरागडकडच्या आतल्या गावांत उत्तर जवळपास सारखंच येतं. चुन्यासोबत मळलेला तंबाखू, दाताला लावायच्या गुडाखूची डबी, जमलं तर लवंग, आणि पहाटे पुजारी, म्हणजे मंत्र-धूर करणारा गावचा वैदू. दातांची खुर्ची तालुक्याला. तिथं जायचं म्हणजे डांबरी रस्त्यापर्यंत पायी, मग गाडी मिळाली तर गाडी, दिवसाची मजुरी बुडणार, आणि डॉक्टर रजेवर नसतील याची खात्री नाही. तुम्ही ज्यांना समजुती म्हणता त्यातल्या निम्म्या या अंतराच्या पोटी जन्मल्या आहेत.

आता दातदुखीचा एक गुण लक्षात घ्या, जो आपण कॉलेजात शिकतो पण गावात विसरतो. कीड दाताच्या मज्जेपर्यंत, म्हणजे आतल्या नसेपर्यंत, पोचली की असह्य कळा येतात. तीन-चार दिवस, कधी आठवडाभर. मग मज्जा मरते आणि कळ आपोआप थांबते. त्या आठवड्यात माणसानं जे काही केलं असेल, त्याला यश मिळतं. तंबाखू दाबला असेल तर तंबाखूला, मंत्र घातला असेल तर मंत्राला, धूर घेतला असेल तर धुराला. पुढे पाच-सहा महिन्यांनी त्याच मेलेल्या दाताच्या मुळाशी पू धरतो, गाल सुजतो. पण तोपर्यंत आधीच्या दुखण्याचा आणि या सुजेचा संबंध कुणाच्या मनात राहिलेला नसतो. लोकांना तो नवा आजार वाटतो. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे ते हेच, आणि पाहिलेल्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असला तरी बावळट नाही. मी हे गावात तसंच सांगतो : "दाढ बरी नाही झाली, दाढ मेली. म्हणून गप्प बसली." हे वाक्य माझ्या सगळ्या जुन्या भाषणांपेक्षा जास्त चाललं.

तंबाखू तोंडात शिरतो तो याच दारानं. कोरचीकडच्या एका बाईचं उदाहरण सांगतो. वय पन्नाशीच्या आत, खालच्या पुढच्या चार दातांची मुळं उघडी पडलेली, हिरडी मागे हटलेली, दात जिभेनं हलत होते. गुडाखू कधीपासून, विचारलं. म्हणाली, "नवी नवरी होती तवापासून. दाढ लय ठनकत होती, सासूनं बोटावर लावून देली." गुडाखू म्हणजे तंबाखू, गुळाची मळी, चुना आणि लाल माती यांचा लगदा. चुन्यामुळे तो अल्कधर्मी असतो आणि अशा माध्यमातून निकोटीन तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतून झपाट्यानं रक्तात जातं. पहिल्यांदा चक्कर येते, मग हिरडी बधिर होते. सासूनं दिलेलं औषध खरंच लागू पडलं. दुखणं गेलं, बोट राहिलं. आता ती दिवसातून चार वेळा लावते आणि सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सांगते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात मिसरी लावणाऱ्या बायका अगदी हेच वाक्य म्हणतात. रात्रभर निकोटीन न मिळालेल्या शरीराची ती मागणी असते आणि निकोटीन आतड्यांना चालनाही देतं, त्यामुळे ते वाक्य अनुभवाचं आहे.

या सगळ्यात एक सरकारी बाजूही आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे. गुडाखू मात्र आठवडी बाजारात साबणाच्या शेजारी मांडलेली असते. बाई ती दात घासायची वस्तू म्हणूनच विकत घेते. तिला "तुम्ही तंबाखू खाता का?" असं विचारलंत तर ती "नाही" म्हणेल आणि ते तिच्या दृष्टीनं खरं असेल. प्रश्न बदला. "सकाळी दाताला काय लावता?" असं विचारा. तुमच्या नोंदवहीतले आकडे एका दिवसात बदलतील.

खर्ऱ्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या भागात तोंडाचा सगळ्यात मोठा घात तोच करतो. सुपारीचा भरडा, सुगंधित तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, म्हणजे पन्नीवरून रगडून रगडून एकजीव करतात. रोवणीच्या वेळी, धान कापणीत, तेंदूपत्त्याच्या हंगामात खर्रा भूक मारायला आणि झोप उडवायला चालतो. पाहुण्याला द्यायचा असतो, लग्नात ताटात ठेवायचा असतो, मजुरीसोबत मालकही देतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात, म्हणजे चारातला जवळपास एक. आपल्या टोल्यांवर फिरताना तुम्हाला हे प्रमाण किती वाढलेलं दिसतं ते तुम्हीच पाहिलं असेल. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे, नंतर सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्यात आली. जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं 'मुक्तिपथ' अभियान २०१६ पासून दारू आणि तंबाखूवर गावागावांत काम करत आहे. ज्या गावानं ठराव करून दुकानातला खर्रा बंद केला आहे, तिथं आपलं काम निम्म्यानं सोपं होतं. तुमच्या हद्दीतली अशी गावं आधी शोधा आणि सुरुवात तिथून करा.

लोक सुपारीला निरुपद्रवी मानतात. देवाला चालते, लग्नात चालते, तर वाईट कशी असेल? तंबाखू सोडतो आणि साधी सुपारी चघळतो, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणलं आहे. सुपारीतल्या आरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साचत जातात, गाल कडक होतो, तोंड उघडायचं कमी होतं. याची पहिली खूण तोंड न उघडणं ही नसते. पहिली खूण तिखट न सोसणं ही असते. आई सांगते, "पोराला भाजी तिखट लागते, धुऊन खाते." मिरचीचा ठेचा आवडीनं खाणाऱ्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगा भाजी धुऊन खायला लागला तर त्याचं तोंड त्याच दिवशी बघा. गालाच्या आत संगमरवरासारखा पांढुरका रंग दिसेल, बोटानं चाचपलं तर दोऱ्यांसारखे पट्टे लागतील.

आणि तीन बोटांची परीक्षा गावातल्या प्रत्येकाला शिकवा. आपल्याच हाताची मधली तीन बोटं जोडून, एकाखाली एक अशी उभी, पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच गेली तर रुग्णालयात. यात लिहिता-वाचता यायची गरज नाही, यंत्र नको, भाषाही फारशी नको. एका आश्रमशाळेत मी आठवी ते दहावीच्या मुलांना एका ओळीत उभं करून हे करायला लावलं. जी मुलं तिसरं बोट घालताना थांबली, त्यांनी माझ्याकडे न बघता एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवशी मी तंबाखूवर एक शब्दही बोललो नाही. साचलेले तंतू परत पूर्ववत होत नाहीत, हे मुलांना खरंखरं सांगा. पण आज थांबलं तर आहे तेवढं तोंड वाचतं, हेही तितक्याच खरेपणानं सांगा. खोटी आशा दिलीत तर पुढच्या वेळी ती मुलं येणार नाहीत.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, खरवडून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हललेला दात, गळ्यात गाठ : हे दिसलं की दात काढू नका, वाट बघू नका. नमुना तपासायची सोय करा आणि नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, पण रेशनकार्ड आणि आधारची कागदं सोबत नसली की माणूस दारातून परत येतो. चिठ्ठी लिहिताना मागच्या बाजूला कागदांची यादीही लिहून द्या, आणि शक्यतो आशाताईंना त्या घरी आदल्या संध्याकाळी पाठवा.

आता डोळ्याची समजूत. "वरचा दात उपटला का डोरा जाते." झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, त्यामुळे डोळ्याचा डोरा. हे तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. पुण्या-मुंबईतही शिकलेल्या घरांत हीच भीती आहे, तेव्हा हिला आदिवासींची समजूत म्हणू नका. भीती आली कुठून, ते बघा. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला की सूज थेट डोळ्याखाली चढते, पापणी मिटते. आपल्याकडे माणूस दात काढायला येतो तो नेमका या अवस्थेत. गावानं पाहिलेलं दृश्य असं : सुजलेल्या डोळ्याचा माणूस गेला, दात काढला, परत आला तेव्हाही डोळा मिटलेलाच. दोष दात काढण्यावर. वय झालेल्या माणसाचे दात आणि नजर एकाच दशकात जातात, तोही पुरावा जमा होतो. मी त्यांना म्हणतो, "डोरा सुजवणारा दात आतच ठेवला तर डोऱ्याला जास्त धोका." त्यांच्या भीतीतला डोळा मी तसाच ठेवतो, फक्त धोका कुठून आहे ते फिरवतो. आणि दात काढण्याआधी नातेवाइकांसमोर रुग्णाला दोन्ही डोळ्यांनी बोटं मोजायला लावतो, नंतर पुन्हा मोजायला लावतो. दोन मिनिटं लागतात. गावात जाऊन तो माणूस जे सांगतो, ते मी वर्षभर सांगितलं असतं तरी पोचलं नसतं.

दातातल्या किड्याचं जरा वेगळं आहे. तापलेल्या खापरावर भुईरिंगणीच्या बिया टाकतात, पोकळ नळीतून धूर गालात घेतात, आणि खाली ठेवलेल्या पाण्यात बारीक पांढरे वळसे पडलेले दाखवतात. हेच किडे. त्या बिया मी घरी आणून सुईनं फोडल्या. रिंगणीच्या कुळातल्या बीमध्ये गर्भ वळलेला असतो. उष्णतेनं बी फुटली की तो बाहेर येतो आणि अळीसारखा दिसतो. हे मी सगळ्या गावासमोर कधीच फोडून दाखवलं नाही आणि तुम्हीही दाखवू नका. ज्या म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे लोक ताप, विंचू, बाळंतपण घेऊन जातात त्याला चारचौघांत खोटं पाडलं, तर तो आणि त्याचं गाव दोन्ही आपल्याला बंद होतात. मी त्याच्याकडे जाऊन बसलो, त्याच्या औषधांबद्दल विचारलं, मग त्याच्या स्वतःच्या दाढेबद्दल विचारलं. त्याचीच खालची दाढ दोन वर्षं त्रास देत होती. ती काढली. आता तो "सूज असेल, ताप असेल, गिळता येत नसेल तर माझ्याकडे थांबू नका, डॉक्टरकडे जा" असं सांगतो आणि उरलेल्यांना धूर देतो. मला हा सौदा पटतो. जबड्याखालची सूज गळ्याकडे उतरून श्वास कोंडल्यानं मेलेला तरुण मी पाहिला आहे. त्याला आमच्यापर्यंत यायला सहा दिवस लागले होते. धूर घेतल्यानं तो मेला नाही, ते सहा दिवस गेले म्हणून मेला.

लहान मुलांबद्दलच्या समजुतींत एकच खरी धोक्याची आहे : दात येताना जुलाब होणारच, त्याला औषध नको. दात यायला लागतात ते सहाव्या महिन्याच्या आसपास. आईकडून मिळालेलं संरक्षण त्याच सुमारास ओसरतं, मूल रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू होतं. जुलाब त्यानं होतात. दाताचं निमित्त मानलं की क्षारसंजीवनीला उशीर होतो आणि कुपोषित बाळाला तो उशीर परवडत नाही. इथं मात्र मी ठाम बोलतो, तुम्हीही बोला. वरचे दात आधी आले तर मामाला जड, ही समजूत मात्र आहे तशी राहू द्या. ती आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. झारखंड-ओडिशातल्या हो आणि संथाळ गावांत तर त्यासाठी मुलाचं कुत्र्याशी प्रतीकात्मक लग्नही लावतात. बाळाला त्यात अपाय नाही. आपली ताकद तिथं खर्च करू नये.

गरोदर बाईच्या दाताला हात लावायचा नाही, असं बायकाच सांगतात. त्या काळात हिरड्या लाल होऊन रक्त येतं, म्हणून बाई दात घासणंच सोडते आणि रक्त आणखी वाढतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात काढता येतो, भूल देता येते. हे पटवायचं तर आशाताई आणि सुईण यांच्या तोंडून.

दातून. लिंब, करंज, बाभूळ, गावाप्रमाणे आणखी काय काय. माझं मत स्पष्ट आहे : दातून अजिबात सोडायला लावू नका. कडुलिंबाची काडी चावून तिचा कुंचला नीट मऊ केला आणि आतल्या बाजूनंही फिरवला तर मैल चांगला निघतो. ती फुकट आहे, हातानं तोडता येते, आणि आजोबांनी वापरलेली आहे. आपण प्लास्टिकचा ब्रश हातात देऊन तिला मागासलेली ठरवतो आणि मग ब्रश झिजल्यावर माणसाकडे दोन्ही उरत नाही. राख, कोळसा, विटकरीची पूड मात्र सोडायला सांगा. दाताच्या मानेपाशी खाच पडलेली आरशात दाखवा, लगेच कळतं. दातूनमध्ये फ्लोराइड नसतं, ही तिची खरी उणीव. म्हणून मी सकाळी दातून आणि रात्री बोटानं का होईना पेस्ट, असं सांगतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. रात्रीचं का, हे समजवायला लागतं. पूर्वी पोरं आंबील, जावा, भात, कंदमुळं खाऊन झोपायची. मोहफुलं गोड आणि चिकट, पण ती वर्षातल्या काही महिन्यांची. आता दुकानातली बिस्किटं, साखरेचा कोरा चहा आणि पाच रुपयांची गोड पाकिटं सूर्य मावळल्यावरही चालू असतात. दात एवढे किडायला लागले ते या दहा-पंधरा वर्षांत, आणि म्हातारी माणसं हे स्वतः सांगतात. त्यांचं ऐका, ती बरोबर आहेत.

फ्लोराइडबद्दल एक सावधानता. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत, कोलामांच्या पोडांवर म्हणजे वस्त्यांवरसुद्धा, बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, असं भारतीय मानक आहे. दातावर आडवे पिवळे-तपकिरी पट्टे, आणि तेही गावातल्या एकाच वयाच्या सगळ्या मुलांना, असं दिसलं तर "घासत नाहीस का?" म्हणू नका. ती मुलं रक्त येईपर्यंत घासून बसलेली असतात. मुलींची लग्नं अडतात त्यावरून. दाताचं कवच घडतं ते पहिल्या आठ वर्षांत. त्यानंतर पाणी बदललं तरी डाग जात नाहीत, पण धाकट्या भावंडांचे दात वाचतात. पाण्याचा नमुना तपासायला पाठवा आणि अहवाल ग्रामसभेत वाचा. जुनी विहीर असेल तर तिचाही नमुना घ्या, बऱ्याचदा उथळ विहिरीचं पाणी खोल बोअरपेक्षा बरं निघतं.

आणखी एक गोष्ट शहरात शिकलेल्या डॉक्टरकडून सुटते. सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. दाढ दुखते म्हणून रुग्ण येतो, दात पाहिला तर स्वच्छ, कीड नाही, ठोकलं तरी विशेष नाही, पण जबड्यात कळा. सिकलसेलमध्ये जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा अडून अशी कळ येते, कधी हनुवटी बधिर होते, कधी न किडलेल्या दाताची मज्जाही मरते. असा चांगला दात काढला तर दुखणं राहतं, दात जातो आणि विश्वासही जातो. दात काढण्याआधी सिकलसेलचं कार्ड आहे का ते प्रत्येकाला विचारा, कार्ड नसेल तर तपासणी करून घ्या. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी होते आहे. आजार असलेल्या रुग्णाला भरपूर पाणी, उबदार जागा, जंतुसंसर्गावर लवकर औषध, आणि फिजिशियनशी बोलूनच शस्त्रक्रिया. ताप असलेल्या कुणालाही मलेरियाची तपासणी केल्याशिवाय आणि प्लेटलेट माहीत नसताना आयब्युप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉलवर थांबा.

तर करायचं काय, याचं माझं उत्तर क्रमानं असं आहे. आधी दुखणं काढा, मग बोला. आठवडी बाजाराचा दिवस पकडा. लोक तसेही आलेले असतात, मजुरी बुडत नाही. चिमटे, भूल, निर्जंतुकीकरणाचा डबा आणि पुरेसे संच घेऊनच बसा. संच कमी पडले तर रुग्ण परत पाठवा, पण निर्जंतुक न केलेला चिमटा दुसऱ्या तोंडात घालू नका. ज्या दाढा वाचतात त्या हातानं खरवडून ग्लास आयोनोमर या दातात भरायच्या सिमेंटनं भरा. मशीन नाही, वीज नाही, आवाज नाही, म्हणून मुलं घाबरत नाहीत. ऐंशीच्या दशकात टांझानियात हे तंत्र याच अडचणीतून घडलं. लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दातांना सिल्व्हर डायमिन फ्लोराइड लावा. कीड थांबते, दात काळा पडतो. ते आधी सांगा आणि काळा झालेला एक दात दाखवूनच होकार घ्या. ग्लास आयोनोमर, सिल्व्हर डायमिन फ्लोराइड आणि फ्लोराइडची पेस्ट, ही तिन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. औषधभांडाराकडे मागणी करताना पत्रात हे लिहा, त्यानं फरक पडतो.

आश्रमशाळेत एकच दात धरा : सहाव्या वर्षी येणारी दाढ. दुधाचा एकही दात न पडता ती मागे गुपचूप उगवते, म्हणून आई-वडील तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडंल" म्हणतात. ती पडत नाही, आयुष्यभराची असते. पहिलीच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या तोंडात ती शोधा आणि खोल खाचा असतील तर बुजवा. गोंडी-माडियात दाताला 'पल' म्हणतात. तेवढा एक शब्द घेऊन वर्गात गेलात तरी मुलं तोंड उघडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून शाळेत येतातच. तो कार्यक्रम देशात सुरू झाला तोच २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून, आणि त्यात दातांची तपासणी आहे. पथकातल्या डॉक्टरांना ही दाढ ओळखायला शिकवा, तुमचे दोन हात चार होतील. रात्रीच्या जेवणानंतर दात घासायची घंटा अधीक्षकांना वाजवायला लावा. नळ एकच असेल तर आधी नळाचं पत्र लिहा.

गुडाखू आणि खर्रा सोडवण्याचं बोलणं मी दुखणं काढल्यानंतर, दुसऱ्या भेटीत करतो. टाके बघायला माणूस येतो तेव्हा. "आता दाढ नाही, मग गुडाखू कोणासाठी?" असं त्या कोरचीच्या बाईला विचारलं होतं. ती बराच वेळ गप्प बसली. सकाळची तेवढी ठेवते, बाकी तीन सोडते म्हणाली. मी हो म्हटलं. पुढच्या बाजाराला तिनं आपली सून आणली, तिच्या दाढेत नुकतीच कीड लागली होती आणि बोटावर अजून काही नव्हतं.

तुमच्या वेळापत्रकाबद्दलही सांगतो, कारण ते विचारलेलं नसलं तरी त्यावरच बरंच अवलंबून आहे. एप्रिल-मे महिन्यांत मोह आणि तेंदूमुळे माणूस घरी सापडत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड दिवसेंदिवस तुटतं. धान निघाल्यावर डिसेंबर ते मार्च हे आपले महिने. या वर्षी ब्रशवाटप सोडा आणि त्या चार महिन्यांत तुमच्या हद्दीतल्या दुखऱ्या दाढांची यादी आशाताईंकडून गाववार मागवा. ज्या गावातून सगळ्यात जास्त नावं येतील तिथला बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारून घ्या, आणि पहिल्या बाजाराला पुजाऱ्याच्या घरावरून जा.